वाट पाहण्याचे पैसे

मराठीच्या प्राध्यापकाकडे गावातली मंडळी कशाकशासाठी येतात, हे ज्याने ती नोकरी केली त्यालाच ठाऊक. लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवून द्या, नव्या बंगल्याला नाव सुचवा, निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचे मानपत्र लिहा, भावाभावांतल्या वाटणीचा कागद एकदा नजरेखालून घाला. असली कामे मी वर्षानुवर्षे बिनतक्रार करीत आलो आहे. त्यांची दक्षिणा म्हणजे चहा. आणि मानपत्र फारच लांबलचक असले तर चहाबरोबर पोहे. पण गेल्या शिमग्याच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी जो प्रश्न घेऊन आला, तो यांपैकी कुठल्याच जातीचा नव्हता. दाराशी चपला काढून तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि म्हणाला, "सर, मी ट्रकवर आहे. पगार पुरत नाही. कुठली लाइन धरू?"

आता माझे यंत्रज्ञान सायकलच्या साखळीपाशी संपते. स्कूटर मी चालवतो. पण ती बंद पडली की मी तिच्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने ती माझ्याकडे पाहते. अशा माणसाला ट्रकच्या धंद्यातले काय विचारायचे? मी तसे बोलूनही दाखवले. तो म्हणाला, "ट्रकचं विचारायला नाही आलो, सर. ट्रकचं सांगणारे रस्त्यावर पुष्कळ आहेत. प्रत्येक जण निराळं सांगतो. त्यातलं खरं कोणतं ते ओळखायचं कसं, हे विचारायला आलो."

हा प्रश्न मात्र माझ्या आटोक्यातला होता. चार टीकाकारांची चार मते समोर मांडून त्यांतले खरे कोणते, हे ओळखल्याचा आव आणण्यातच आम्हा मंडळींचे आयुष्य जाते!

या मुलाचे नाव मी सांगत नाही. त्याला आपण सारथी म्हणू. सरकारनेही वाहनपरवान्यांच्या संगणकावरील दप्तराला हेच नाव दिले आहे. शब्द मोठा भारदस्त खरा. पण त्याच्या वाट्याला मान कधी फारसा आला नाही. कर्णाला हिणवायचे झाले की 'सूतपुत्र' एवढे म्हटले म्हणजे काम भागत असे. आणि शल्याला कर्णाचे सारथ्य करायला सांगितले तेव्हा त्या राजाला तो आपला अपमान वाटला. एका श्रीकृष्णाने घोड्यांचे लगाम हाती धरले आणि या कामाला देवपण आले. पण श्रीकृष्णाला पगाराची विवंचना नव्हती.

आमच्या सारथ्याला ती होती. आमचे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिक जिल्ह्यात. रात्री अंथरुणावर पडले की घाट चढणाऱ्या गाड्यांची घरघर ऐकू येते. याच्या वडिलांची साडेतीन एकर जमीन. तीत डाळिंबाची बाग होती. बागेवर तेल्या आला. ज्यांना हा रोग ठाऊक नाही त्यांना एवढेच सांगतो की, फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकते, आणि पुष्कळदा बाग उपटून टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बाग गेली, सोसायटीचे कर्ज राहिले. मुलगा बी.ए. झालेला. दोन वर्षे त्याने स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर घालवली, आणि मग एके दिवशी पुस्तके मित्राला देऊन टाकून तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला. आपल्याकडे हलक्या गाडीचा परवाना मिळून एक वर्ष झाल्याखेरीज ट्रकच्या परवान्याची पायरी चढता येत नाही. ती तो चढला, एका मालकाच्या दहाचाकी गाडीवर उस्तादाच्या हाताखाली वर्षभर राहिला, आणि गेल्या दिवाळीपासून गाडी त्याच्या स्वतःच्या हाती आली.

माल बहुधा कांदा. पिंपळगाव-लासलगावच्या बाजारात भरायचा आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात खाली करायचा; तेराशे किलोमीटरच्या आसपासची वाट. येताना मिळेल ते परतीचे भाडे घेऊन यायचे. पगार असा : महिना ८ हजार बांधलेले, आणि प्रत्येक खेपेला साडेतीन हजार. महिन्यात दोन खेपा झाल्या की १५ हजार. शिवाय गाडी चालेल त्या दिवसाचा २५० रुपये भत्ता. पण तो जेवणात, चहात आणि ढाब्यावरच्या आंघोळीत जातो, त्यामुळे त्याला मिळकत म्हणणे बरोबर नाही.

रस्त्यावरच्या सल्लागारांनी त्याला निरनिराळ्या वाटा दाखवल्या होत्या. एक जण म्हणाला, न्हावाशेव्याला जा. आपल्याकडची द्राक्षे थंड कंटेनरांत भरून तिथून परदेशी जातात. ट्रेलरवर खेपेला अडीच हजार मिळतात, महिन्यात दहा खेपा, म्हणजे २५ हजार रोख, आणि वर गारेगार केबिन. दुसरा म्हणाला, दुसऱ्याची गाडी हाकून कुणी श्रीमंत झाला आहे का? स्वतःची घे. तिसऱ्याने एस.टी.चे नाव काढले. चौथ्याने मनमाडजवळच्या पानेवाडीचे. तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि पेट्रोल-डिझेलचे टँकर भरून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पंपांवर जातात. आणि खुद्द उस्तादाचा सल्ला सर्वांहून सोपा होता : "पगाराकडं बघूच नको. पैसा गाडीतच असतो. काढता आला पाहिजे."

मी सगळे ऐकून घेतले. मग कपाटातून एक शंभरपानी वही काढून तिच्या पानावर मधोमध एक रेघ मारली. डावीकडे लिहिले, 'चाक फिरते'. उजवीकडे लिहिले, 'चाक उभे'. त्याला म्हटले, "महिनाभर रोजचे तास यांत लिही. झोप, जेवण नि घरी काढलेले दिवस सोड. पण गाडी उभी आहे आणि तुला तिला सोडून जाता येत नाही, असा प्रत्येक तास उजवीकडे गेला पाहिजे. आणि का उभी होती, तेही दोन शब्दांत लिही." तो वही घेऊन गेला. निबंध लिहून आणायला सांगितल्यावर पूर्वी जसा चेहरा करायचा, अगदी तसाच चेहरा करून गेला.

पण वही त्याने आणली, आणि मी खरे सांगतो, अलीकडच्या काळात इतके वाचनीय गद्य माझ्या वाचनात आलेले नाही! 'कांदा भरणे, सात तास. हमाल दुसऱ्या गाडीवर.' 'काट्यावर रांग, सव्वा तास.' 'पाऊस आला, ताडपत्री बांधली, चाळीस मिनिटं.' 'गोदामाबाहेर उभा. सही करणारे साहेब जेवायला गेले, दोन तास.' त्याखाली लगेच : 'साहेब आले. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली दुसऱ्या साहेबांकडे, अडीच तास.' आणि मग चेन्नईच्या एका ट्रान्स्पोर्ट नगरात सलग तीन दिवस एकच ओळ : 'परतीचं भाडं नाही.'

आम्ही दोघांनी बेरीज केली. महिन्याचे ७२० तास. त्यांतले झोपेचे, जेवणाचे आणि घरी काढलेल्या तीन दिवसांचे मिळून २४४. चाक फिरले १६४ तास. चाक उभे राहिले ३१२ तास! तो कागदाकडे पाहतच राहिला. पंधरा हजारांना १६४ नी भागले तर तासाला ९१ रुपये पडतात. हा भाव काही वाईट नाही. पण उभे राहण्याचे तास त्यांत मिळवून ४७६ नी भागले की साडेएकतीस रुपये उरतात. महिन्यातली तिसरी खेप का होत नाही, म्हणून मालक त्याच्यावर चिडत असे आणि तो स्वतःवर. ती तिसरी खेप उजवीकडच्या रकान्यात मरून पडलेली होती.

मराठीत एक मोठा गमतीचा शब्दप्रयोग आहे : वाट पाहणे. इंग्रज नुसता थांबतो. आपण वाट पाहतो. दारात उभे राहून, डोळ्यांवर हात धरून, येणाऱ्याच्या रस्त्याकडे पाहत राहण्याचे ते चित्र आहे. ट्रकवाल्याच्या बाबतीत हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा होतो. गाडी चालवताना तो वाटच पाहत असतो. डोळा लागला तर सगळेच संपले. आणि गाडी उभी असतानाही तो वाटच पाहतो : हमालाची, काट्याची, शिक्क्याची, भाड्याची. फरक एवढाच की, पहिल्या पाहण्याचे पैसे मिळतात, दुसऱ्याचे मिळत नाहीत. जग त्याला वाट तुडवण्याचे पैसे देते आणि वाट पाहणे फुकट घेते.

हे मला चटकन उमगले, यात माझ्या बुद्धीचा भाग थोडा आणि अनुभवाचा जास्त. मी स्वतः नऊ वर्षे 'तासिका तत्त्वावर' शिकवले आहे. ज्यांच्या घरात असा एखादा प्राध्यापक आहे त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. वर्गात उभे राहून बोललेल्या तासाचे पैसे मिळतात. त्या तासाची आदल्या रात्रीची तयारी, दोन तासांच्या मधला स्टाफरूममधला रिकामा तास, वह्यांचे गठ्ठे, आणि स्नेहसंमेलनाच्या मांडवातली धावपळ, हे सगळे उजवीकडच्या रकान्यात जाते. दिवाळीची सुट्टी लागली की कायम नोकरीतल्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर चकलीचा खमंगपणा येई. मला मात्र त्या तीन आठवड्यांत एकही तासिका नसे, आणि तासिका नाही म्हणजे पैसेही नाहीत. त्या नऊ वर्षांत मी एक गोष्ट शिकलो, आणि तीच मी सारथ्याला सांगितली : कोणत्याही कामाचा दर सांगितला गेला की आधी विचारावे, काम थांबते तेव्हा पैसे कोण देतो? मिळकतीचे खरे मोजमाप तिथे लागते.

मग हा एकच प्रश्न हातात घेऊन आम्ही एकेका वाटेवर जाऊन पाहिले.

ट्रेलरच्या खेपेला अडीच हजार, हे खरेच होते. पण महिन्यात दहा खेपा कोण मोजून देणार? द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. त्या दिवसांत दहा खेपा होतीलही. पुढे पावसाळ्यात चारही होतील, आणि बंदराच्या फाटकाशी वा कंटेनरच्या आवारात रांगेत गेलेला दिवस कुणाच्याच हिशेबात नाही. म्हणजे ही पुन्हा तासिकाच! शिवाय ट्रेलर मागे घेणे ही निराळीच विद्या. पुढचे तोंड डावीकडे वळवले की मागचे धूड उजवीकडे जाते. नव्या माणसाच्या हातून एखादा खांब गेला की दोन खेपांचे पैसे त्यातच गेले. गारेगार केबिनचे म्हणाल, तर १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांची केबिन वातानुकूलितच असली पाहिजे, असा नियम झाला आहे. म्हणजे आज जो मोह आहे, तो उद्या सर्वांनाच मिळणार.

स्वतःच्या गाडीचे प्रकरण अधिक नाजूक होते, कारण त्यात त्याची आई होती. एक जुनी दहाचाकी बारा लाखांना मिळत होती. तीन लाख पदरचे, नऊ लाख कर्ज. हप्ता महिना २६ हजार, असे ४८ हप्ते. हे पदरचे तीन लाख कुठून आणायचे, यावर घरात दोन दिवस कुणी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आई म्हणाली होती, "दीड एकर ठेव गहाण. जमीन कुठं पळून जाते का?" वडील काहीच बोलले नव्हते. बाग उपटल्यापासून ते शेताच्या गोष्टीवर कमीच बोलतात.

मी पेन्सिल घेतली. ४८ गुणिले २६ हजार म्हणजे १२ लाख ४८ हजार. नऊ लाखांवर साडेतीन लाखांच्या घरात व्याज. ठीक आहे, धंदा म्हटला की व्याज आलेच. पुढे डिझेल. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते. लिटरचे ९० रुपये धरले तर चेन्नईच्या एकेरी फेरीलाच २९ हजार उडतात. दहा टायर, विमा, पासिंग, टोल, हुंडेकऱ्याचे कमिशन आणि वराई निराळी. भाव पडला की जादा माल घालून भरपाई करावी, असा मोह होतो. पण २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा मालाचा दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा आहे. हे सगळे एक वेळ जमेल. न जमणारे दुसरेच आहे. चेन्नईत गाडी तीन दिवस उभी होती, तेव्हा तो नोकर होता. उभ्या गाडीचे नुकसान मालकाचे होते. गाडी त्याची झाली की उजवीकडचा सगळा रकाना त्याच्या नावावर येणार. चाक उभे राहते; पण हप्त्याचे चाक कधी उभे राहत नाही. ते दर महिन्याच्या पाच तारखेला बरोबर दाराशी येते, आणि या घरात ते दीड एकराच्या बांधावर येणार होते.

म्हणजे स्वतःची गाडी घेऊच नये, असे नव्हे. या देशातले बहुतेक ट्रक थोड्याच गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांचे आहेत, आणि त्यांतले पुष्कळ जण एके काळी दुसऱ्याची गाडी हाकीत होते. पण परतीचे भाडे कोण देतो, कुठला हुंडेकरी पैसे बुडवतो, कुठल्या महिन्यात कुठला माल निघतो, हे ज्याला पाठ आहे त्याने ती उडी घ्यावी. याला गाडी हाती येऊन सहा महिने झालेले. "दोन वर्षं वही लिही," मी म्हटले, "मग उजवीकडचा रकाना अर्ध्यावर आणता येतो का ते बघ. येत असेल तर तुझ्या आईला जमीन गहाण ठेव म्हणून मीच सांगीन."

एस.टी.ला बांधलेला पगार, प्रॉव्हिडंट फंड, घरात मान. गाडी डेपोत उभी असली तरी महिना भरतो. माझा प्रश्न तिथे पास होत होता. पण भरती निघेल तेव्हा निघणार, आणि अवजड वाहनाचा अनुभव मागणार. शिवाय २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सर्वांच्या स्मरणात आहे; बांधलेला पगारही पुरतो आणि वेळेवर येतो असे नाही. तो अर्ज करील, पण अर्जावर चूल पेटत नाही.

राहिला उस्तादाचा सल्ला. गाडीतला पैसा म्हणजे काय, ते वाचकांनी ओळखलेच असेल. टाकीतले दहा-पंधरा लिटर डिझेल ढाब्यामागे विकायचे, वाटेत चार उतारू घ्यायचे, दोन पोती जास्तीची टाकायची. मी प्राध्यापक म्हणून नीतीवर एक व्याख्यान देऊ शकलो असतो. पण वही समोर होती. ३१२ तास ज्याचे फुकट गेले, तो मागच्या दाराने त्यांची वसुली करतो, हे उघड आहे. आणि मालकालाही ते ठाऊक असते, म्हणून तो पगार कमी ठेवतो. दोघेही एकमेकांना चोर समजून वर्षानुवर्षे एकत्र धंदा करतात. सारथी म्हणाला, "उस्तादांचं चालतं, सर. पण त्यांना रात्री झोप लागत नाही. डिझेल काढताना कुणी बघितलं का, याचीच धास्ती." उस्तादाच्या शिकवणीवरचा हा शेरा माझ्या व्याख्यानापेक्षा पुष्कळच चांगला होता.

त्या दिवसांत मी ग्रंथालयातून एक कायद्याचे पुस्तक आणून वाचले. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेला कायदा त्यात आहे. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला तो २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाचे काम आठ तास, आठवड्याचे ४८. लांब पल्ल्याला फार तर दहा आणि ५४. आणि सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. मी मोठ्या उत्साहाने हे त्याला वाचून दाखवले. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, हे पुस्तक मला गाडीत ठेवायला द्या. झोप येईल तेव्हा वाचीन. हसून हसून झोप जाईल."

मी काही बोललो नाही. साठ वर्षांपूर्वीचा कायदा आणि कालची वही शेजारी शेजारी पडल्या होत्या.

तेव्हा उरली पानेवाडी. तिथे मला एक गोष्ट फार आवडली, आणि ती माझ्या धंद्याला लागून होती. २०१९ साली सरकारने वाहनचालकाच्या परवान्यासाठी आठवी पासची जुनी अट काढून टाकली. पण पेट्रोल, गॅस, रसायने असला जीवघेणा माल वाहणाऱ्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नववा नियम लागू होतो. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, आणि तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन दाखला मिळवला पाहिजे. टँकरच्या अंगावर जी पाटी असते तिच्यावर मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. डिझेलचा १२०२, पेट्रोलचा १२०३. आग लागली तर बंबवाल्याने ती पाटी वाचून काय करायचे ते ठरवायचे. म्हणजे या एका रस्त्यावर वाचता येणे हा शोभेचा दागिना नसून कामाचे हत्यार आहे. बी.ए.ची पदवी कुठे उपयोगी पडत नाही, म्हणून कुरकुरणाऱ्या पोराला मी म्हटले, "बघ, पडली की नाही?"

टँकरचालकाची किंमत आमच्या जिल्ह्याला एकदा कळलीही होती. नव्या न्यायसंहितेच्या १०६ व्या कलमात, अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या थांबवल्या, आणि पानेवाडीचे टँकरही थांबले. आमच्या गावातल्या पंपावर स्कूटरची रांग बाजारपेठेपर्यंत गेली होती. त्या रांगेत मीही होतो. चर्चेखेरीज ही तरतूद लागू करणार नाही, असे सरकारने सांगितले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. ज्यांचे उभे राहणे कुणी कधी मोजले नव्हते, ते दोन दिवस मुद्दाम उभे राहिले, आणि सगळ्यांनी ते मोजले.

पण पानेवाडीतही वाट पाहणे होतेच. गाडी नंबरात लावायची आणि नंबर येईपर्यंत थांबायचे. सुट्टी आली की थांबायचे. टँकरमालक महिना १६ हजार आणि चालत्या दिवसाचा ३०० रुपये भत्ता द्यायला तयार होता. उभ्या दिवसाचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "बघू की. आपण काय परके आहोत?" या 'बघू की'ने मराठी माणसाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे दुष्काळानेही केले नसेल!

तेव्हा आम्ही दोघांनी बसून एक कागद लिहिला. कायद्याची भाषा वापरायची नाही, असे मी ठरवले होते. चारच ओळी : पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत. चालत्या दिवसाचा भत्ता ३०० रुपये. गाडी नंबरात उभी असेल आणि चालक गाडीशी हजर असेल, त्या दिवसाचा भत्ता १५० रुपये. सलग पाच तास चालवल्यावर अर्धा तास विश्रांती, त्या वेळी मालक फोन करणार नाही. चौथ्या ओळीत १९६१ सालचा कायदा गुपचूप येऊन बसला आहे, हे जाणकारांच्या लक्षात येईल.

मालकाने कागद वाचला आणि तो हसला. म्हणाला, "लिहायचं काय त्यात? माझा शब्द आहे." सारथी म्हणाला, "शब्द आहे म्हणूनच लिहायला सोपं आहे, शेठ." मालक जरा वेळ गप्प राहिला. चांगले ड्रायव्हर टिकत नाहीत ही त्याचीही तक्रार होतीच. फोनची ओळ सोडून बाकीच्या तिन्हींवर त्याने सही केली. चौथ्या ओळीवर दोघांची अजून घासाघीस चालू आहे.

मिळकतीत वाढ किती झाली? बांधलेल्या पगाराच्या हिशेबाने हजार रुपये. ट्रेलरवाल्या मित्राने ऐकून कपाळाला हात लावला. आणि पावसाळ्यात त्याच्या किती खेपा झाल्या, हे त्याने अजून सांगितलेले नाही, आम्हीही विचारलेले नाही. सोसायटीचे कर्ज अजून आहे. जमीन मात्र जागेवर आहे, आणि वही चालू आहे.

पहिल्या महिन्यात टँकर आठ दिवस उभा राहिला. त्याचे बाराशे रुपये सारथ्याने पगारात मिसळले नाहीत. निराळे काढून आईच्या हातावर ठेवले. तिने विचारले, "हे कशाचे?" तो म्हणाला, "वाट पाहिली, त्याचे."

आई नोटा मोजता मोजता म्हणाली, "वाट तर आम्हीपण पाहतो रे तुझी. त्याचे कुणाकडून घ्यायचे?"

तो मला हे सांगून हसला. आता आठवड्यातल्या चार रात्री तो घरी जेवायला असतो. वहीच्या पानावर या जेवणांसाठी रकाना नाही. पण परवा पाहिले तर त्याने समासात, अगदी बारीक अक्षरांत, त्या चार वारांपुढे एकेक टिंब दिलेले होते.